गोव्याच्या फिल्म बाजारात पटकथाकाराचं काय काम?

दरवर्षी नोव्हेंबरमध्ये पणजीत इफ्फीची, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची, धामधूम सुरू झाली की मिरामारच्या मॅरियट हॉटेलात वेगळीच वर्दळ दिसते. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं छोट्या टेबलांभोवती समोरासमोर बसलेली असतात. कुणी लॅपटॉपवर चित्रं दाखवत असतं, कुणी बजेटचे आकडे सांगत असतं. ठरलेली वेळ संपली की सगळे उठून पुढच्या टेबलाकडे जातात. हा फिल्म बाजार. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळानं, म्हणजे एनएफडीसीनं, तो २००७ साली सुरू केला. २०२५ मध्ये तो ‘वेव्ह्ज फिल्म बाजार’ या नावानं भरला. निर्माते, वितरक, सेल्स एजंट, परदेशी महोत्सवांचे निवडकर्ते, ओटीटी कंपन्यांचे अधिकारी असे सगळे इथे येतात.

या गर्दीत लेखकही असतात. काही जण निवडून आलेले, तर काही पदरचे पैसे घालून डेलिगेट म्हणून नोंदणी केलेले. कोकणकन्या एक्सप्रेसनं मडगावला उतरायचं, पणजीत कुणाबरोबर तरी खोली वाटून घ्यायची आणि बाजार संपायच्या आत आपली गोष्ट एखाद्या निर्मात्याच्या कानावर घालायची, असा त्यांचा बेत असतो.

तो बेत फळतो का, यावर दोन तट पडतात. त्यांचं म्हणणं इथे दोन पात्रांच्या तोंडून मांडलं आहे. थोरले लेखक एकांकिका स्पर्धांमधून आलेले, मग मालिका आणि चित्रपट लिहिलेले. त्यांना सगळे दादा म्हणतात. धाकट्या लेखिकेच्या नावावर एक शॉर्टफिल्म आहे आणि पहिल्या मोठ्या चित्रपटाच्या पटकथेचा खर्डा तयार आहे. पात्रं कल्पित आहेत, दाखले खरे आहेत.

“यंदा मी बाजाराला जाणार,” तिनं जाहीर केलं.

“काय विकायला?” दादांनी विचारलं.

“पटकथा.”

“मग आधी तिथे काय विकलं जातं ते तरी समजून घे.”

दादांचा मुद्दा बाजाराच्या मूळ रचनेवरच बोट ठेवतो. फ्रान्समधल्या कान महोत्सवाचा ‘मार्शे द्यु फिल्म’ १९५९ साली सुरू झाला आणि आज तो जगातला सर्वांत मोठा चित्रपट बाजार मानला जातो. ‘अमेरिकन फिल्म मार्केट’ १९८१ पासून भरतं. बर्लिनचा बाजार फेब्रुवारीत, तिथल्या महोत्सवाबरोबरच असतो. या तिन्ही ठिकाणी मुख्य उलाढाल होते ती हक्कांची. फ्रान्सचे हक्क वेगळे, जपानचे वेगळे, टीव्हीचे वेगळे, विमानात दाखवायचे वेगळे. सेल्स एजंट एकेक प्रदेश विकत जातो. चित्रपट एक तर तयार असतो, नाहीतर दिग्दर्शक, मुख्य नट आणि बजेट ठरलेलं असतं, आणि त्या जोरावर आगाऊ विक्री होते.

“मंडईत तयार भाजी विकतात, बाई. तू बियाणं घेऊन बसलीस तर गिऱ्हाईक थांबेल कशाला?” दादा म्हणाले. “तिथे आलेल्या माणसाला आपल्या कंपनीसाठी ठरावीक चित्रपट उचलायचे असतात. एकशेदहा पानांची पटकथा वाचायला त्याला सवड नसते. आणि वाचली तरी ती विकत घेऊन चित्रपट बनवणं हे त्याचं कामच नव्हे.”

“कानचं म्हणता ते मान्य,” ती म्हणाली. “पण गोव्याचा बाजार नुसता हक्कांचा नाही. तिथे को-प्रॉडक्शन मार्केट आहे, जिथे चित्रपट बनण्याआधीच सहनिर्माते शोधतात. वर्क-इन-प्रोग्रेस लॅब आहे, जिथे कच्चं संकलन झालेला चित्रपट जाणकारांना दाखवतात. आणि स्क्रीनरायटर्स लॅब आहे, ती तर केवळ पटकथेसाठीच.”

हा फरक महत्त्वाचा आहे. चित्रपट तयार होण्याआधीच प्रकल्पाला जोडीदार मिळवून द्यायची पद्धत रॉटरडॅम महोत्सवाच्या ‘सिनेमार्ट’नं १९८०च्या दशकात रुजवली आणि गोव्यानं तीच वाट घेतली. स्क्रीनरायटर्स लॅबमध्ये दरवर्षी मोजक्याच पटकथा घेतात. निवडलेल्या लेखकांना अनुभवी मार्गदर्शक मिळतात, पटकथा पुन्हा पुन्हा लिहिली जाते आणि शेवटी बाजारात ती निर्मात्यांसमोर मांडली जाते. अलंकृता श्रीवास्तव यांची ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ आणि कनू बहल यांची ‘तितली’ या लॅबमधून गेलेल्या आहेत. आपल्या बाजारातून पुढे गेलेल्या चित्रपटांमध्ये एनएफडीसी ‘द लंचबॉक्स’, ‘शिप ऑफ थिसियस’, ‘कोर्ट’, ‘तिथी’ ही नावं आवर्जून घेते.

“‘लंचबॉक्स’चंच बघा ना,” ती म्हणाली. “रितेश बत्रांना आधी मुंबईच्या डबेवाल्यांवर माहितीपट करायचा होता. ते त्यांच्याबरोबर फिरले, त्यातून चुकीच्या पत्त्यावर जाणाऱ्या डब्याची गोष्ट सुचली. ती पटकथा तोरिनोच्या लॅबमध्ये घडली. २०१२ साली रॉटरडॅमच्या सिनेमार्टमध्ये तिचा सन्मानपूर्वक उल्लेख झाला. भारताबरोबर फ्रान्स आणि जर्मनीचे निर्माते उभे राहिले, आणि २०१३ मध्ये कानच्या क्रिटिक्स वीकमध्ये चित्रपट झळकला. घरी बसून हे झालं असतं का?”

“आता मी ‘कोर्ट’ सांगतो,” दादा म्हणाले. “चैतन्य ताम्हाणेकडे पटकथा लिहायला पैसे नव्हते. विवेक गोंबर त्याच्या नाटकात काम केलेला नट. त्यानं लिहिण्यासाठी दरमहा ठरावीक रक्कम द्यायचं कबूल केलं आणि पुढे तोच निर्माता झाला. चित्रपटात बचाव पक्षाचा वकीलही तोच. २०१४ साली व्हेनिसमध्ये ‘ओरिझोन्ती’ विभागातला सर्वोत्तम चित्रपट, वर पहिल्या चित्रपटासाठीचा ‘लायन ऑफ द फ्यूचर’. नंतर आपला राष्ट्रीय पुरस्कार. या सगळ्याचा पहिला पैसा नाटकाच्या ओळखीतून आला.”

“आणि ह्युबर्ट बाल्स फंड? पटकथेच्या टप्प्यावरच तो ‘कोर्ट’ला मिळाला होता. तो तर रॉटरडॅम महोत्सवाचा फंड आहे.”

“हो, पण अर्ज करून मिळाला. पटकथा चांगली होती म्हणून मिळाला. टेबलाटेबलांवर फिरून नाही.”

इथे वादाला नेमकी जागा सापडते. बाजारासाठी निवडलं जाणं आणि बाजारात हजर राहणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. लॅब, को-प्रॉडक्शन मार्केट, फंड यांत निवड झालेल्या लेखकाची पटकथा कुणीतरी आधीच वाचलेली असते. त्याच्या भेटी आयोजकांनी ठरवलेल्या असतात, समोरच्या माणसाकडे प्रकल्पाची माहिती पोचलेली असते. नुसतं ओळखपत्र घेऊन गेलेल्या लेखकाला मात्र प्रत्येक ओळख शून्यापासून करावी लागते, तीही समोरचा माणूस पुढच्या भेटीसाठी घड्याळ बघत असताना. यशाच्या ज्या कथा आपण ऐकतो त्या बहुतेक पहिल्या प्रकारच्या असतात. 

लेखिकेला हे पटलं, पण तिनं एक गोष्ट लक्षात आणून दिली. “‘तितली’च्या बाबतीत तुम्ही म्हणाल की कनू बहल आधीच दिबाकर बॅनर्जींबरोबर ‘लव्ह सेक्स और धोखा’चे सहलेखक होते आणि पुढे दिबाकरच ‘तितली’चे निर्माते झाले. म्हणजे ओळख जुनीच. तरी त्यांनी पटकथा लॅबमध्ये नेलीच की. ओळखीनं दार उघडतं, पण आत जाताना हातात काय आहे यावर पुढचं ठरतं.”

दादांनी मान डोलावली. मग त्यांनी त्यांचा खरा सल बोलून दाखवला.

“तू जी नावं घेतलीस, त्यांत एक साम्य आहे. बत्रा, ताम्हाणे, बहल, श्रीवास्तव, सगळे लेखक-दिग्दर्शक. स्वतः लिहितात, स्वतः करतात. तू दिग्दर्शन करणार नाहीस. मग बाजारात तू कोण?”

प्रश्न बोचरा आहे आणि त्याला आधारही आहे. कलात्मक चित्रपटांचा आंतरराष्ट्रीय बाजार दिग्दर्शकाभोवती उभा आहे. महोत्सव दिग्दर्शकाला बोलावतात, फंड दिग्दर्शकाचं आधीचं काम मागतात, पुस्तिकेत फोटो दिग्दर्शकाचा छापतात. ‘मसान’ची पटकथा वरुण ग्रोव्हर यांची, दिग्दर्शन नीरज घायवान यांचं. दोघांचं नातं जुळलं ते ‘गँग्ज ऑफ वासेपूर’च्या वेळी, घायवान तिथे सहायक दिग्दर्शक होते आणि ग्रोव्हर गीतकार. २०१४ साली सनडान्स इन्स्टिट्यूटचा महिंद्रा ग्लोबल फिल्ममेकिंग पुरस्कार घायवान यांच्या नावे जाहीर झाला. तो चित्रपटकर्त्यालाच द्यायचा पुरस्कार आहे, त्यामुळे यात कुणाची चूक नाही. पण ज्या व्यवस्थेत अशी दारं चित्रपटकर्त्याच्या नावानं उघडतात, तिथे फक्त लिहिणारा माणूस एकटा गेला तर त्याच्यासाठी कोणतं दार आहे, हा प्रश्न उरतोच. २०१५ मध्ये ‘मसान’नं कानमध्ये दोन पुरस्कार मिळवले, त्यामागे एका लेखकाची आणि एका दिग्दर्शकाची आधीपासून जमलेली जोडी होती.

“म्हणजे लेखकानं आधी दिग्दर्शक गाठायचा आणि मग बाजार?”

“निदान माझं तरी तेच मत आहे,” दादा म्हणाले. “बाजार प्रकल्पाला ओळखतो, लेखकाला नाही.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनं वही उघडली आणि म्हणाली, “निदान माझं पिच तरी ऐका.”

पहिलं वाक्य तिनं असं लिहिलं होतं: ग्रामीण महाराष्ट्रातल्या एका स्त्रीच्या आत्मसन्मानाची हृदयस्पर्शी कहाणी.

“यात मला काहीच दिसत नाही,” दादा म्हणाले. “कोण बाई? काय करते? काय अडलंय तिचं?”

तिनं पान उलटलं. दुसरं वाक्य होतं: गावातल्या दूध संकलन केंद्रावर फॅट मोजणाऱ्या सुनेला कळतं की मशीन मुद्दाम कमी फॅट दाखवतंय, आणि ते तसं करून ठेवणारे सासरे येत्या निवडणुकीत डेअरीचे चेअरमन व्हायला निघालेत.

आता दादा सावरून बसले. कॅन घेऊन रांगेत उभे असलेले शेतकरी, पावतीवरचा फॅटचा आकडा, त्या आकड्यावर ठरणारा लिटरमागचा दर, आणि रोज तो आकडा स्वतःच्या हातानं लिहिणारी घरचीच सून, हे सगळं त्यांना एका वाक्यात दिसलं.

“छान. मग ती काय करते?”

“ती… आधी कुणाला सांगत नाही. मग एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची पावती…” ती अडखळली.

“मध्यंतरानंतर ती काय करते?”

तिला सांगता आलं नाही. पटकथेच्या दुसऱ्या भागात बरेच प्रसंग होते, पण त्या बाईनं घेतलेला एकही निर्णय त्यात नव्हता. सगळं तिच्या बाबतीत घडत होतं. कागदावर हे लक्षात आलं नव्हतं, कारण प्रसंग एकेक करून वाचले की चांगले वाटत होते.

“बघ,” दादा म्हणाले, “हे कळायला गोव्याला जायची गरज पडली नाही.”

“पण बाजाराची तारीख डोळ्यांसमोर नसती तर मी हे दोन वाक्यांत लिहायलाच बसले नसते,” ती म्हणाली. “खर्डा पूर्ण झाला या आनंदातच राहिले असते.”

दोघांचंही खरं होतं. बाजारात गोष्ट दोन-तीन मिनिटांत सांगावी लागते, आणि नंतरचे प्रश्न ठरलेले असतात: भाषा कोणती, दिग्दर्शक कोण, आधी काय केलंय, बजेट किती, त्यातलं किती जमलंय. मुंबईची रीत याच्या उलट आहे. अंधेरीतल्या ऑफिसात निर्मात्यासमोर किंवा नटासमोर दोन-अडीच तासांचं नॅरेशन होतं. लेखक संवाद म्हणून दाखवतो, पार्श्वसंगीत कुठे उसळेल तेही सांगतो, आवाज चढवतो, खाली आणतो. चांगलं नॅरेशन करणाऱ्याची कमकुवत पटकथाही खपून जाते आणि मुखदुर्बळ लेखकाची चांगली पटकथाही मागे पडते. पिचमध्ये अभिनयाला फारशी जागा नाही. तिथे गोष्टीचा सांगाडा उघडा पडतो. ज्याला दोन ओळींत सांगता येत नाही त्याचं पिच फसतं, आणि बहुतेक वेळा दोष सांगण्यात नसून पटकथेत असतो.

मात्र दादांनी इथे एक इशारा दिला. सगळ्याच चांगल्या पटकथा दोन ओळींत मावत नाहीत. ‘कोर्ट’चं सार दोन ओळींत सांगितलं तर लोकशाहिरावरचा खटला एवढंच हाती येतं. न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचे वकील यांच्या घरगुती आयुष्यात शिरणारी त्याची रीत आणि त्याची संथ, निरीक्षण करणारी नजर पिचमध्ये सांगता येत नाही. “पिच चांगलं जमावं म्हणून गोष्टच बदलायला निघालीस तर बाजारानं तुझं नुकसानच केलं असं समज,” ते म्हणाले.

पुढचा प्रश्न प्रत्येक नव्या लेखकाच्या मनात असतो. तिनं तो विचारलाच. “इतक्या लोकांना गोष्ट सांगायची, आणि कुणी उचलली तर?”

यावर दादांकडे गप्पा नव्हत्या, निकाल होते. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या पद्धतीनं मांडली त्या मांडणीवर असतो. आनंद यांचं म्हणणं होतं की १९५६ सालचा ‘न्यू देल्ही’ हा चित्रपट त्यांच्या ‘हम हिंदुस्थानी’ या नाटकावरून उचलला आहे. प्रांतवादाचा विषय दोन्हींत होता, पण मांडणी वेगळी असल्यानं ते हरले. म्हणजे ‘दूध डेअरीतली सून’ एवढ्यावर कुणाचीच मालकी नाही. पानापानांवर लिहिलेल्या पटकथेवर आहे.

“म्हणून काही संरक्षणच नाही असं समजू नकोस,” ते पुढे म्हणाले. २००३ साली मुंबई उच्च न्यायालयानं झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स या प्रकरणात वेगळं दार उघडलं. सनडायलनं आपली मालिकेची संकल्पना लेखक संघटनेकडे नोंदवून मग वाहिनीसमोर मांडली होती. विश्वासानं, गोपनीयतेच्या अपेक्षेनं दिलेली पुरेशी विकसित संकल्पना परवानगीशिवाय वापरता येत नाही, असं न्यायालयानं मानलं आणि मनाई हुकूम कायम ठेवला. यातून धडा साधा निघतो. बाजारात जाण्याआधी पटकथा मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवावी. कुणाला काय पाठवलं आणि कधी, ते ईमेलवर राहील असं बघावं. गोष्ट जितकी विकसित, तितकं संरक्षण जास्त. म्हणजे कायद्याच्या बाजूनंही अर्धवट खर्डा घेऊन जाणं धोक्याचंच.

“आणि कुणाला आवडलीच तर?”

“तर तिथल्या तिथे सही करायची नाही,” दादा ठामपणे म्हणाले. निर्माता बहुधा ऑप्शन मागतो. म्हणजे ठरावीक मुदतीत ती पटकथा दुसऱ्या कुणाला द्यायची नाही आणि त्या बदल्यात लेखकाला काही रक्कम. मुदत किती, रक्कम किती, मुदत संपल्यावर हक्क लेखकाकडे आपोआप परत येतात की नाही, दुसऱ्या लेखकाकडून पुनर्लेखन करून घेतलं तर श्रेयनामावलीत नाव कसं राहणार, हे सगळं कागदावर हवं. २०१२ सालच्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीनं चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीत लेखकाचा वाटा ठेवला आहे, आणि तो करार करून सोडून देता येत नाही. बाजारातल्या उत्साहात हे विसरलं जातं.

आता तिची बाजू पुन्हा वर आली. “दादा, तुम्ही म्हणता लिहीत राहा, चांगलं असेल तर पोचेल. पण पोचणार कुठून? अमेरिकेत फ्रँकलिन लेनर्डनं २००५ साली चित्रपट कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांना विचारलं की तुम्हाला आवडलेल्या पण अजून न बनलेल्या पटकथा कोणत्या. त्यातून ‘ब्लॅक लिस्ट’ सुरू झाली. ‘स्लमडॉग मिलेनियर’, ‘द किंग्ज स्पीच’, ‘आर्गो’, ‘स्पॉटलाइट’ या ऑस्कर मिळवलेल्या चित्रपटांच्या पटकथा तिथे होत्या. तिथे निदान पगारी वाचक आहेत. कंपनीत कुणीतरी पटकथा वाचायला बसलेलं असतं. मराठीत निर्मात्याकडे पटकथा वाचणारा माणूस नेमलेला असतो का? एक तर नॅरेशन, नाहीतर ओळख. ज्याची ओळख नाही त्यानं कुठे जायचं?”

या प्रश्नाला दादांकडे सरळ उत्तर नव्हतं. मराठी चित्रपटसृष्टीत ओळखी मुंबई-पुण्यात होतात. लातूरच्या किंवा चंद्रपूरच्या लेखकाला त्या शहरांत राहण्याचा खर्च परवडत नाही. बाजाराला जाण्याचा खर्च त्या मानानं ठरावीक आहे आणि एकदाच करायचा आहे. शिवाय लॅबसाठी अर्ज करायला ओळख लागत नाही. अर्जात गोष्ट, टिपण आणि पटकथेची पानं लागतात. या अर्थानं निवडीवर चालणारा बाजार हा ओळखीवर चालणाऱ्या धंद्यापेक्षा नवख्याला अधिक न्याय देऊ शकतो.

रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हे याचं अलीकडचं उदाहरण. वडिलांच्या निधनानंतर गावी काढलेल्या दहा दिवसांत त्या गोष्टीचं बीज पडलं. मुंबईच्या झोपडपट्टीत वाढलेल्या, इंटिरियर डिझाइनचं काम केलेल्या या दिग्दर्शकाच्या मागे चित्रपटसृष्टीतलं घराणं नव्हतं. पटकथा व्हेनिसच्या ‘बिएनाले कॉलेज सिनेमा’त घडली. चित्रपट पूर्ण होण्याआधी २०२४ मध्ये हाँगकाँगच्या फायनान्सिंग फोरममार्फत तो कानच्या बाजारात दाखवला गेला. २०२५ च्या जानेवारीत सनडान्समध्ये जागतिक कथाचित्रपट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक त्यानं मिळवलं. ग्रामीण मराठीतल्या, दहा दिवसांच्या सुतकात घडणाऱ्या, दोन पुरुषांच्या प्रेमाच्या गोष्टीसाठी मराठीतला कोणता नेहमीचा निर्माता नॅरेशन ऐकायला बसला असता, असं ती विचारते, तेव्हा दादाही ‘कठीण होतं’ असं कबूल करतात.

पण ते लगेच पुस्ती जोडतात. “तोही लेखक-दिग्दर्शकच.”

याच ठिकाणी दोघांचं एकमत होऊ लागलं. दोष लेखकाचा नाही, बाजाराच्या रचनेत एक फट आहे. गोव्यात २०२२ पासून ‘बुक टू बॉक्स ऑफिस’सारखा विभाग आहे, जिथे पुस्तकांच्या हक्कांविषयी बोलणी होतात. आपल्याकडे मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’वर, आनंद यादव यांच्या ‘नटरंग’वर, सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’वर चित्रपट झाले आहेत, तेव्हा हा विभाग मराठीला जवळचा वाटावा. महाराष्ट्र शासन निवडक मराठी चित्रपट कानच्या बाजारात नेतं, पण ते पूर्ण झालेले चित्रपट असतात. तयार पुस्तकाला जागा आहे, तयार चित्रपटाला जागा आहे. मधल्या टप्प्यावर, दिग्दर्शक न मिळालेल्या पटकथेला मात्र लॅबपलीकडे जागा नाही.

“समज, बाजारात एक दिवस फक्त यासाठी ठेवला,” दादा म्हणाले. “निवडलेल्या पटकथा, ज्यांना दिग्दर्शक नाही. आणि पटकथेच्या शोधात असलेले दिग्दर्शक, ज्यांच्या हातात शॉर्टफिल्म आहे पण गोष्ट नाही. दोघांना समोरासमोर बसवायचं. निर्माता नंतर.”

“असं असतं तर तुम्ही आला असता?”

“मीही एक पटकथा दिली असती. दोन निर्मात्यांनी ऐकून ठेवलेली एक आहे माझ्याकडे.”

तिनं तिचा बेत बदलला. दुसऱ्या भागाचं पुनर्लेखन आधी. सुनेनं मध्यंतरानंतर एक निर्णय घ्यायलाच हवा. मग पटकथेची नोंदणी, मग लॅबला अर्ज. निवड झाली तर गोवा. नाही झाली तर या वर्षी डेलिगेट म्हणून जायचं नाही. ते पैसे शॉर्टफिल्म महोत्सवांना पाठवण्यात घालायचे. त्यामागेही दाखला होता: पायल कपाडिया आणि फ्रेंच निर्माता थॉमा हाकीम यांची ओळख २०१८ साली बर्लिनमध्ये झाली, तीही कपाडिया यांची शॉर्टफिल्म तिथे असताना, आणि पुढे त्याच निर्मात्यानं ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ केला. दाखवायला हातात काम असलं की बाजारातही कुणी थांबून ऐकतं.

एका गोष्टीवर मात्र त्यांचं जमलं नाही. पुढच्या वर्षीपर्यंत दिग्दर्शक मिळाला नाही तरी आपण गोव्याला जाणार, असं तिचं म्हणणं. “तर दिग्दर्शक शोधायला जाईन. एवढे नवे दिग्दर्शक एका छताखाली दुसरीकडे कुठे भेटतात?”

“पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात,” दादांनी तत्काळ उत्तर दिलं. “ऑगस्टमध्ये पुरुषोत्तम करंडक असतो. दिवसाला तीन-चार एकांकिका बघ. ज्या पोरानं रिकाम्या रंगमंचावर माणसं नीट उभी केली असतील त्याला गाठ आणि तुझी डेअरीची गोष्ट सांग. तो तुझ्या वयाचा असेल, त्याच्याकडे वेळ असेल आणि तो ती पूर्ण ऐकेल.”

“ऑगस्ट आणि नोव्हेंबर यांत भांडण कुठे आहे?” ती म्हणाली आणि वहीत दोन्ही महिन्यांसमोर खूण केली. दादांनी पटकथेचा खर्डा मागून घेतला. मध्यंतरानंतरची पानं आधी वाचणार, असं त्यांनी तिला सांगितलं.